पॉप गाण्याला कागदी कप म्हणणाऱ्यांसाठी

खडखडाट
काल इथं फोरमवर एकानं लिहिलं, ‘पॉप गाणं म्हणजे टपरीवरचा कागदी कप. प्यायलं की फेकलं. सुरातलं कळतं त्यानं त्यावर वेळ घालवू नये.’ रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लांबण लावतोय.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात होते. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचो. सगळे माग चालू असले की शेजारच्याशीही हातवाऱ्यानं बोलावं लागतं. कोपऱ्यात एक टेप असायचा. मींड, हरकती, गळ्याची सगळी नजाकत त्या आवाजात गडप. तरी ‘आप जैसा कोई’ लागलं की वडिलांची मान हलायची. १९८० चं गाणं, चाल बिद्दूची, गाणारी नाझिया हसन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. तयारीचा गळा नाही, ताना नाहीत. पण चाल इतकी नेमकी बेतलेली की निम्मी ऐकू आली तरी उरलेली आपल्याच डोक्यात वाजते. असं बांधणं सोपं वाटतं का?

‘बिली जीन’ घ्या. १९८२ च्या ‘थ्रिलर’मधलं. आधी नुसते ड्रम, मग बेस, मग कीबोर्ड. मायकल जॅक्सन तोंड उघडतो ते जवळजवळ अर्ध्या मिनिटानं. निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात छाटायची होती. जॅक्सन अडून बसला, ह्याच तुकड्यानं मला नाचावंसं वाटतं म्हणाला. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडीननं त्याचं मिक्सिंग ९१ वेळा केलं आणि शेवटी दुसऱ्या वेळचंच ठेवलं. फेकून द्यायच्या कपासाठी कोण एवढा जीव काढतो?

जुळे सोलापूरची पेटी
कप मीच म्हणालो, आणि अजूनही म्हणतो. मेहनत केली म्हणून वस्तू मोठी होत नाही. मी सतरा वर्षं पेटी शिकतोय. यमन राग अजून रोज नवा दिसतो. तुझं गाणं चाळीस वर्षांपूर्वी जसं होतं तसंच आजही आहे. आणि ‘आप जैसा कोई’ ‘कुर्बानी’तलं आहे, म्हणजे सिनेमाचं. ते पॉपमध्ये कशाला ओढायलास?

खडखडाट
सिनेमात असलं म्हणून पॉप राहत नाही का? मग आपल्याकडं पॉप म्हणून उरतंच काय बे!

हलगी
मी करमाळ्याकडचा. कॉलेजला पुण्यात होतो. ‘याड’ म्हणालो की खोलीतली पोरं हसायची. तीन वर्षं मी शब्द गिळून बोललो. २०१६ ला ‘सैराट’ आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्या जेऊरचे. अजय-अतुलनं त्या गाण्यांसाठी सिंफनी ऑर्केस्ट्रा थेट हॉलीवूडमध्ये सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला, आणि त्या व्हायोलिनांच्या लाटेवर शब्द कुठला? ‘याड लागलं’. आमच्या बांधावरचा. तीच पोरं मला फोन करून शब्दांचे अर्थ विचारायला लागली. पेटीवाले, तुमचा यमन मोठाच आहे. पण त्यानं माझी जीभ मला परत दिली नाही.

दत्त चौकातली
‘सैराट’चं कौतुक चाललंय म्हणून बोलते. आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावर. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. खाली डीजे उभा राहिला, ‘झिंगाट’ एकामागून एक सहा वेळा. खिडक्या थरथरत होत्या. वडिलांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडेनात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे खाली जाऊन सांगितलं तर पोरं नाचतच होती. तेव्हापासून ते गाणं लागलं की मी टीव्ही बंद करते.

बेसवाला
ताई, वडिलांचं वाईट वाटलं. पण दरवेळी डीजेवालाच का? मंडळाचे लोक आवाज वाढव म्हणून डोक्यावर उभे असतात. नाही वाढवला तर पैसे कापतात. माझ्या मशिनचे हप्ते कोण भरणार?

दत्त चौकातली
तुमच्या हप्त्यासाठी माझ्या वडिलांनी छाती धरून बसायचं? बटण कुणाच्या हाताखाली असतं?

बेसवाला
बटण माझ्या हाताखाली, पण सुपारी त्यांची. एकदा आमच्या जागी उभं राहून बघा, मग बोला.

हलगी
अरे, विषय गाण्याचा होता. बेस वाढवला तो माणसानं, गाण्यानं नव्हे.

दत्त चौकातली
ज्यांच्या घरात काचा थरथरल्या नाहीत त्यांनी विषय शिकवू नये.

पूर्व भागातला पद्मशाली
आमच्या घरी तेलुगू. ‘आरआरआर’ सिनेमातल्या ‘नाटू नाटू’ला २०२३ ला ऑस्कर मिळालं तेव्हा आजी रडली, संगीतकार कीरवाणी मंचावर गायले तेव्हा तर जास्तच. पण मी वेगळं सांगतो. त्याचा ठेका सहाचा आहे, दादरा तालाच्या अंगाचा, फक्त लय पळती. आम्ही मंडळात त्यावर लेझीम बसवली. डीजे नाही, एक ढोल, एक हलगी. चौथ्या दिवशी गल्लीतली बारकी पोरंही बरोबर पावलं टाकायली. स्पीकर काढून घेतल्यावर जे गाणं लेझमीवर उभं राहतं, त्यात दम आहे. बाकीची नुसती बेसवर चालतात.

दत्त चौकातली
लेझीम आमच्या दारावरून गेली तर मीही गॅलरीत येईन. ‘झिंगाट’ मात्र अजून नाही.

बेसवाला
लेझमीनं माझं घर चालत नाही. एवढंच बोलतो.

जुळे सोलापूरची पेटी
तुमची भांडणं चालू होती तेव्हा ‘बिली जीन’ हेडफोननं ऐकलं, मग पेटीवर काढलं. बेसचे आठच ठोके आहेत. सा प नि सा नि प म प, निषाद कोमल. मोजून चार स्वर, आणि बराचसा डोलारा त्यावरच. मी त्यात पाचवा स्वर घालून पाहिला, गंधार. लगेच सैल झालं. काढला. धैवत घातला, तोही काढावा लागला. तासभर बसलो होतो, बायको विचारून गेली काय चाललंय.

‘कप’ हा शब्द मागे घेतो. यमनाबद्दल बोललो ते मागे घेणार नाही.

खडखडाट
घेऊ नका. वडिलांना आता कमी ऐकू येतं, मागांनी कान गेले. काल त्यांच्या हातावर बोटांनी ते आठ ठोके वाजवले. मान हलवली त्यांनी.