‘ब्रेकची हवा काढणे’ : शब्द आणि वापर

प्रश्न (अमळनेर)

घरच्या जुन्या प्रीमिअर पद्मिनीचे ब्रेक शू बदलून नंतर ब्रेक ‘ब्लीड’ करण्याची, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा बाहेर काढण्याची, संपूर्ण कृती मराठीत लिहून ठेवण्याचे काम मी हाती घेतले आहे. ‘ब्लीडिंग’चा अर्थ कोशातून घ्यावा तर रक्तस्राव पदरी पडतो, ‘निःसारण’ म्हणावे तर सांडपाणी आठवते. गॅरेजमध्ये सरळ ‘हवा काढणे’ म्हणतात. पण त्याने टायर डोळ्यांसमोर येतो किंवा कोणाची तरी जिरवल्याचा भास होतो. ‘वायुमोचन’ हा शब्द कसा वाटतो? आणि ब्रेकला ‘गतिरोधक’ म्हणावे का? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (धुळे)

‘गतिरोधक’ रस्त्यावरच्या उंचवट्याने कधीच पळवला आहे. तो परत मिळणार नाही, म्हणून ‘ब्रेक’च ठेवावा. ‘वायुमोचन’ वाचून घरातली मुले हसतील आणि त्यांचा दोष नसेल. माझे मत ‘हवा काढणे’ या बाजूने आहे, आणि त्याचे कारण केवळ रूढी हे नाही. इंग्रजी शब्द निपलमधून (चाकामागच्या छोट्या पोकळ स्क्रूमधून) द्रव बाहेर झिरपताना जे दिसते ते सांगतो, तर मराठी शब्द हे काम कशासाठी करायचे ते सांगतो. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरमधून) चारही चाकांच्या व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून टेकतात. हवा मात्र आकसते, त्यामुळे नळीत थोडी जरी हवा राहिली तरी पायाचा जोर तिला दाबण्यातच खर्ची पडतो आणि पेडल स्पंजासारखे लागते.

टायरशी होणारा गोंधळ टाळायचा असेल तर पहिल्या उल्लेखात ‘ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढणे’ असे पूर्ण लिहावे, पुढे नुसते ‘हवा काढणे’ पुरते.

क्रियापदांकडे मात्र आपण अधिक लक्ष द्यावे, कारण चूक तिथे होते. हे काम दोघांचे आहे: एक जण पेडलवर, दुसरा चाकापाशी. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या स्वच्छ ब्रेक द्रवात बुडवलेले असते. चाकापाशी बसलेला ‘दाब’ म्हणतो, निपल थोडा सैल करतो, नळीतून बुडबुडे निघतात, पेडल खाली जाते. मग तो निपल घट्ट करतो आणि त्यानंतरच ‘सोड’ म्हणतो. निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. म्हणून नुसते ‘पेडल दाबावे’ हे वाक्य अपुरे आहे. ‘दाबून धरावे’ असेच हवे. आमच्याकडे गाडीखालून ‘दाबी धर’ आणि मग ‘आते सोड’ अशी अहिराणीत हाक येते, आणि त्या ‘धर’मध्ये सगळी खबरदारी आलेली असते.

पुरवणी (भुसावळ)

वरील मताशी सहमत आहे. मात्र माझा आक्षेप ‘ब्रेक ऑइल’ या शब्दाला आहे. बाकी गॅरेजची भाषा जशीच्या तशी घ्यावी, पण हा शब्द नुकसान करतो. डॉट 3 आणि डॉट 4 या ब्रेकमध्ये वापरायच्या द्रवाच्या प्रती ग्लायकॉल ईथरवर आधारलेल्या आहेत, ते तेल नव्हे. ‘ऑइल’ ऐकून कोणी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओतले, तर ब्रेकमधले रबर फुगून सगळी यंत्रणा निकामी होते. रंगावर सांडलेला थेंबही तेलासारखा निरुपद्रवी नसतो; तो रंग उचलतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावा लागतो. आपण ‘ब्रेक द्रव’ किंवा ‘ब्रेक फ्लुइड’ लिहावे आणि दुकानात मागताना लोक ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, एवढी एक ओळ जोडावी.

दुसरे असे की ‘हवा काढणे’ आणि ‘द्रव बदलणे’ ही कामे एकाच निपलमधून होत असली तरी ती एक नव्हेत. हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. डॉट 3 चा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि 3.7 टक्के पाणी मिसळल्यावर त्याची किमान मर्यादा 140 अंशांवर येते. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला की ड्रम तापतात, पाणी धरलेला द्रव उकळतो, नळीत वाफ होते आणि पेडल खाली बसते. गाडी गार झाल्यावर ब्रेक पुन्हा ठीक लागतो, त्यामुळे मालक ‘हवा धरली होती’ म्हणून मोकळा होतो. ती हवा नव्हती, वाफ होती, आणि तिच्यावर उपाय जुना द्रव पूर्ण बदलणे हाच आहे.

शूवरच्या घासणाऱ्या थराला ‘लायनर’ म्हणतात, पण हा शब्द इंजिनच्या सिलिंडरसाठीही वापरतात, म्हणून ‘ब्रेक लायनर’ असे जोडूनच लिहावे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली भुकटी ‘फुंकून काढावी’ असे चुकूनही लिहू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्नकर्ता (अमळनेर)

आपणा दोघांचे आभार. ‘दाबून धरावे’ आणि ‘ब्रेक द्रव’ स्वीकारतो. ‘निपल’ला पर्याय शोधावा का, आणि चाकांचा क्रम कसा सांगावा?

उत्तर (धुळे)

‘निपल’ दुकानदारापासून मिस्त्रीपर्यंत सर्वांना कळतो, तो राहू द्यावा. क्रमासाठी ‘मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात’ असे लिहावे. उजव्या बाजूला स्टिअरिंग व मास्टर सिलिंडर असलेल्या गाडीत ते बहुधा मागचे डावे चाक असते, तरी गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असल्यास तो पाळावा. डावे-उजवे हे चालकाच्या आसनावरून मोजायचे, हेही नमूद करावे, कारण चाकापाशी तोंड करून बसलेल्याचे उजवे निराळे असते. आणि निपल ‘सैल करावा’ या वाक्याआधी, तो गंजलेला असल्यास आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे व रिंग पान्यानेच फिरवावा, असे एक वाक्य घालावे; साध्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात, आणि निपल आत तुटला तर बहुतेक वेळा व्हील सिलिंडरच बदलावा लागतो.