आपल्या बेळगाव भागातली जुनी रेकॉर्डिंग सर्चमध्ये सापडत नाहीत, दोष कुणाचा?

खानापूरकर: आमच्या तालुक्यातल्या सोंगी भजनांची जुनी रेकॉर्डिंग शोधतोय. एकेकाळी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळायची. आज सर्च केलं की मोठ्या चॅनेलांची तीच तीच भजनं वर येतात. सर्चला फक्त गर्दी दिसते. ज्याला बघणारे कमी, ते असून नसल्यासारखं.

वडगावचा वाचक: अजिबात पटलं नाही. चढवणाऱ्यानं काय लिहिलंय यावर सर्चचा मोठा भर. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल 'व्हीआयडी-20160412-डब्ल्यूए0007' अशा नावानं जशीच्या तशी चढवतात. ना गाव, ना मंडळ, ना बुवांचं नाव. त्यातली तारीखसुद्धा भजनाची नव्हे, फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर आली-गेली त्या दिवसाची! असं काही कुणी शोधायचं तरी कसं?

खानापूरकर: लिहिलेलंही सापडत नाही ओ. आमच्या मंडळानं गाव, बुवा, पेटीवाला, सगळं लिहून चढवलं. देवनागरीत शोधलं तर येत नाही, इंग्रजी अक्षरांत टाकलं तर खाली कुठंतरी येतं. त्यात 2014 साली बेळगाव शहराचं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं. जुने व्हिडिओ जुन्या नावावर, नवे नव्या नावावर. कन्नडमधून लिहिलेले आणखी तिसरीकडे. ही जोडणी यंत्रानं करायची की आम्ही?

निपाणीकर: तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडताय. आपला बराच ठेवा उघड्यावर नाहीच. खासगी ग्रुपातलं सर्चला दिसत नाही, 'अनलिस्टेड' ठेवलेला व्हिडिओ लिंकशिवाय मिळत नाही. संमेलनांच्या जुन्या स्मरणिकांचंही तेच. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना वेगवेगळे कोड देणारी पद्धत) रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात. तिथं मराठीत शोधून काय हाती लागणार? स्कॅन केलेली पानं तर नुसती चित्रं.

वडगावचा वाचक: म्हणजे काम आपलंच ठरलं की! गाव, साल, बुवा, अभंगाची पहिली ओळ, तिन्ही लिप्यांत लिहा. एका व्हिडिओला पाच मिनिटं लागतात.

खानापूरकर: नव्यांचं करू. जुन्यांत कोण गातंय हे ओळखणारी माणसं आता थकलीत, आणि ती इंटरनेटवर नाहीत. लिहून ठेवूनही खालीच ढकललं जाणार असेल तर तुमचं म्हणणं मला मान्य नाही. तोवर कुणाच्या कपाटात जुनं कार्ड असेल तर फॉरमॅट मारू नका, आधी इथं कळवा.