सेसिल टेलर: नुसता धुमाकूळ की बांधलेलं संगीत?

खर्ज_षड्ज
अमेरिकन जॅझ पियानोवादक सेसिल टेलर (१९२९–२०१८) म्हणजे 'पियानो बडवणारा', हे ऐकून कान किटले. १९५६च्या 'जॅझ अ‍ॅडव्हान्स' या अल्बममध्ये तो जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकचं 'बेम्शा स्विंग' वाजवतो. चाल ओळखू येते, बास (खर्जाचं तंतुवाद्य) आणि ड्रम यांचा ठेकाही आहे. फक्त डावा हात साथ सोडून उजव्याशी वाद घालतोय. पुढचं सगळं त्यातूनच निघालं. बांधणी पक्की आहे, ती ठेक्यात शोधू नका.

तिरकट
असेल बांधणी, पण जॅझ कुठे उरला? १९६२ला कोपनहेगनच्या कॅफे मोंमार्त्रमध्ये बाससुद्धा नाही. जिमी लायन्सचा आल्टो सॅक्सोफोन, सनी मरेचे ड्रम आणि हा. मरे झांजांवर नुसती थरथर ठेवतो, सम धरायची कुठे? बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला माणूस. मला त्यात विसाव्या शतकातलं युरोपीय शास्त्रीय संगीतच ऐकू येतं.

खर्ज_षड्ज
सम नाहीच. ती शोधत बसलात तर दहा मिनिटांत डोकं उठेल. त्यापेक्षा सवाल-जवाब धरा: डावा हात खर्जात छोटा तुकडा टाकतो, उजवा वरून उत्तर देतो, मग तोच तुकडा लांबवून किंवा मोडून परत येतो. ही रीत ब्लूजची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली आहे.
'सायलेंट टंग्ज' हा अल्बम घ्या (स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोची मैफल, १९७४, एकट्याचा पियानो). आधी शेवटचे दोन छोटे तुकडे ऐका, 'जिटनी नं. २' आणि 'आफ्टर ऑल नं. २'. मग मूळ मोठं वादन लावा, तेच आकार पुन्हा भेटतील. मनाला येईल तसं बडवणाऱ्याला हे जमणार नाही.

पांढरी_चार
वाजवणाऱ्यांसाठी थोडं. तळव्याने किंवा कोपराने सुरांचा गठ्ठा दाबताना मनगट सैल हवं आणि सूर रेंगाळत ठेवणारं पेडल लगेच सोडायला हवं. धरून ठेवलं की खर्जाच्या तारा एकमेकींत मिसळून चिखल होतो. नक्कल करणारे हमखास इथेच फसतात. टेलरचे सुसाट तुकडेसुद्धा सुटे ऐकू येतात. दोन्ही हात आळीपाळीने कसे पडतात ते चित्रफितीत बघा. बोझेनडॉर्फर इम्पीरियल हा पियानो त्याच्या आवडीचा: ८८ऐवजी ९७ पट्ट्या, जादा नऊ खर्जात.

तिरकट
तंत्राबद्दल वादच नाही. दुसऱ्याचं ऐकण्याचं काय? १९७७, न्यू यॉर्कचा कार्नेगी हॉल, आधीच्या पिढीतली जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्सबरोबर दोन पियानो. तिला जॅझचा इतिहास उलगडायचा होता, हा आपल्याच वाटेने. त्या मैफलीचा अल्बम 'एम्ब्रेस्ड' ऐका, तिची चाल वारंवार त्याच्या माऱ्याखाली बुडते.

खर्ज_षड्ज
ती मैफल जमली नाही, खरंय. पण लायन्स १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८६ला वारला तोवर त्याच्याबरोबर टिकला. 'युनिट स्ट्रक्चर्स' या अल्बममध्ये (१९६६) सात वादक, त्यात दोन बास. टेलर सुरांची नावं नुसत्या अक्षरांत द्यायचा, बाकीचं पियानोवर वाजवून दाखवायचा. किती लांबवायचं हे बरंचसं वादकावर. ऐकून न घेणारा इतकी मोकळीक देईल?

तिरकट
लायन्सने टेलरची भाषा मुरवून घेतली होती. मेरी लू स्वतःची भाषा घेऊन आली होती, आणि तिथे त्याने एक पाऊलही मागे घेतलं नाही. माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.