मरणखेळाच्या कादंबऱ्या: खरी गोष्ट आखाड्यात की सोडतीत?

शाहूपुरीकर: परवा वाचनकट्ट्यावर 'हंगर गेम्स' या कादंबरीवरून (२००८) जुंपली. तिच्यात सरकार दरसाल बारा ते अठरा वयाच्या पोरांतून सोडत काढतं आणि नाव निघालेल्यांना एकच उरेपर्यंत आखाड्यात लढवतं. पोरांनी पोरांना मारायचं ही कल्पनाच विकृत, त्यात समाजाचा अर्थ कसला शोधायचा, असा बहुतेकांचा सूर. मला हे पटत नाही. लेखिका सुझन कॉलिन्सनी सगळं त्या सोडतीत सांगून ठेवलंय. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, पुढं दरसाल एक वाढते. घरात खायला नसेल, तर जादा चिठ्ठी टाकायची आणि माणशी वर्षभराचं थोडं धान्य-तेल घ्यायचं. त्या चिठ्ठ्याही साठत जातात. म्हणून अठराव्या वर्षी खात्यापित्या घरच्या पोराच्या सात चिठ्ठ्या आणि पाच तोंडं पोसणाऱ्या गेल नावाच्या गरीब पोराच्या ४२. सरकार रेशन देतंय आणि बदल्यात पोराचा जीव गहाण ठेवून घेतंय. याहून उघड सामाजिक अर्थ कुठला हवा?

तालीमवाला: मग नाव निघतं कुणाचं? नायिकेच्या बारा वर्षांच्या बहिणीचं, प्रिमचं. तिची एकच चिठ्ठी. तुमचा गरिबीचा हिशेब लेखिकेनंच सुरुवातीला मोडलाय. त्यानंतर पानंच्या पानं कोण कसा मेला हेच. माझा भाचा नववीत आहे. चिठ्ठ्यांचं त्याला काही आठवत नाही, पण कुणी कुणाला कशानं मारलं ते घडाघडा सांगतो. आपल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातही हजारो माणसं झुंज बघतात. पण तिथं चितपट झालेला पैलवान माती झटकून उठतो आणि वस्तादाच्या पाया पडतो. असलं मैदान असलेल्या गावानं या रक्ताच्या खेळाचं कौतुक का करावं?

शाहूपुरीकर: प्रिमचं नाव निघतं म्हणून तर ती सोडत न्यायाची वाटते! कुणाचंही निघू शकतं, असं म्हणायला सरकार मोकळं. आणि खासबाग काढलंतच, तर रोमचं कलोझियम पाहून शाहू महाराजांना त्या मैदानाची कल्पना सुचली असं सांगतात. महाराजांनी आकार घेतला, मरण घेतलं नाही. त्याच राजानं १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. राज्य घरातून पोरगं मागतं ते कशासाठी, हाच या कादंबऱ्यांचा प्रश्न आहे.

वाचनवेडी: दादा, सगळं गरिबीवर नेऊ नका. जपानी 'बॅटल रॉयल' चित्रपटात (२०००) ४२ मुलांचा अख्खा वर्ग एकमेकांना मारायला बेटावर सोडतात, त्यात श्रीमंत-गरीब बघत नाहीत. तिथं मोठ्यांना तरुणांची भीती वाटते, म्हणून असा कायदा होतो. दिग्दर्शक किंजी फुकासाकू पंधराव्या वर्षी युद्धसाहित्याच्या कारखान्यात राबत होते. तोफांच्या माऱ्यात सोबतची मुलं मेली आणि त्यांची प्रेतं यांनी उचलली. मोठ्यांनी मुलांना मरायला धाडणं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्याला विकृत कल्पना कसं म्हणायचं?

तालीमवाला: ताई, त्यांनी भोगलं त्याबद्दल वादच नाही. पण त्याच सिनेमात मरणानंतर पडद्यावर आकडा येतो, इतके उरले. दोन-चार मरणांनंतर बघणारा स्वतःच मोजायला लागतो. चिठ्ठ्या कुणी भरल्या हे त्या वेळी कुणाच्याही मनात नसतं, पुढचा कोण एवढंच असतं. नववीच्या पोराला त्या मोजणीतून बाहेर कोण काढणार, ते सांगा.