प्रतिसाद: राजापूरची गंगा

मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरच्या गंगेवर (म्हणजे अधूनमधून जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांवर) गेलात आणि कुंडं कोरडी ठणठणीत दिसली, म्हणून वैतागलात हे कळलं. पण ती बारमाही वाहणारी नाहीच मुळी! साधारण दर तीन वर्षांनी प्रकटते, दोन-तीन महिने राहते आणि गुपचूप निघून जाते, असं आमच्याकडे सांगतात. अलीकडे तर तेही गणित तिने मोडलंय. म्हणून 'गंगा आली' असं कानावर पडल्याशिवाय निघू नका.

आली की मात्र बघण्यासारखं असतं. उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या आणि इथे जांभ्याच्या आवारातली 14 कुंडं भरलेली. गंमत म्हणजे हातभर अंतरावरच्या दोन कुंडांतलं पाणी एकसारखं गार नसतं. काशीकुंडात गोमुखातून धार पडते, आंघोळीची गर्दी तिथेच. जमिनीखालच्या पोकळ्या भरल्या की वक्रनलिकेसारखं (सायफनसारखं) पाणी एकदम उपसलं जातं, असा एक तर्क आहे. आमच्या आजीला तो कधीच पटला नाही.

रीत म्हणाल तर आधी उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावर स्नान (उन्हाळे हे खालच्या गावाचं नाव, ऋतू नव्हे), मग गंगा, मग धूतपापेश्वर. गंगा नसली तरी बाकीची दोन ठिकाणं असतातच. धूतपापेश्वराला पावसाळ्यात जा, देवळाशेजारचा धबधबा तेव्हाच खरा.

साबण-शाम्पू तेवढा घरी ठेवा. मागच्या खेपेला कुंडात फेस बघितला आणि डोकंच फिरलं.