सल्ला हवा: बूट होताना स्क्रिप्टला 'कट' कमांड सापडत नाही, हातानं चालवली की चालते

धागाकर्ता
ऑफिसात डेबियन ७ (लिनक्स) चा जुना सर्व्हर आहे. /यूएसआर (बहुतेक प्रोग्रॅमांचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर. फायरवॉलची स्क्रिप्ट आधीच्या माणसानं लिहिलेली, नेटवर्कच्या आधी चालावी म्हणून रनलेव्हल एस (बूटचा सुरुवातीचा टप्पा) मध्ये टाकलेली. परवा रात्री वीज गेली, मशीन परत सुरू झालं आणि सकाळी बघतो तर एकही नियम लागलेला नाही. कन्सोलवर 'कट: नॉट फाउंड' अशा सात ओळी. लॉगिन करून तीच स्क्रिप्ट चालवली तर बिनतक्रार चालते. रात्रभर सगळी पोर्टं उघडी होती, त्यामुळे धास्ती बसली आहे. 'कट'ची कॉपी /बिन मध्ये टाकू का?

प्रतिसाद
दादा, कॉपी नका टाकू. पुढे अपडेट आलं तरी ती जुनीच राहील, आणि ती तिथे का आहे हे वर्षभरानं तुम्हालाही आठवणार नाही.

'ग्रेप', 'सेड' /बिन मध्ये असतात, पण 'कट', 'ऑक', 'टीआर', 'हेड', 'एक्स्पर' हे सगळे /यूएसआर/बिन मध्ये. तुमची स्क्रिप्ट चालते तेव्हा ते पार्टिशन माउंटच झालेलं (सिस्टिमला जोडलेलं) नसतं. लॉगिन करेपर्यंत होतं, म्हणून हातानं चालते.

वरच्या हेडरमध्ये 'रिक्वायर्ड-स्टार्ट' समोर काय आहे? तिथे $लोकल_एफएस हवं, म्हणजे मशीनवरची पार्टिशनं माउंट झाल्यावरच स्क्रिप्ट चालेल. आणि हेडर बदलून नुसतं रीबूट करू नका; स्क्रिप्टांचा क्रम लिंकांच्या नावांत असतो, तो 'इन्सर्व्ह' ही कमांड चालवल्यावरच नव्यानं लागतो.

धागाकर्ता
ती ओळ रिकामीच आहे! पण एका ठिकाणी वाचलं की /यूएसआर लागत असेल तर $रिमोट_एफएस लिहावं.

प्रतिसाद
एरवी बरोबर आहे, कारण /यूएसआर एनएफएसवरही (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवरही) असू शकतं. पण तुमची फायरवॉल आहे. $रिमोट_एफएस ला नेटवर्क लागतं, आणि तुम्हाला नेटवर्कच्या आधी उठायचंय. तुमचं पार्टिशन त्याच डिस्कवर असेल तर $लोकल_एफएस पुरे.

तरी मी म्हणेन, 'कट' काढूनच टाका. फाइलमध्ये 'पोर्ट:पत्ता' अशा ओळी असतील तर 'व्हाइल आयएफएस=: रीड पोर्ट पत्ता' एवढ्यात काम होतं. 'रीड' शेलच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटातच असतं, डिस्कवर शोधावं लागत नाही. मग /यूएसआर कुठेही असो.

तपासायला रीबूटची वाट बघू नका. पाथमध्ये (कमांड शोधायच्या जागांच्या यादीत) फक्त /एसबिन आणि /बिन ठेवून 'एन्व्ह -आय'नं, म्हणजे लॉगिनची बाकी सेटिंग्ज पुसून, स्क्रिप्ट चालवा. जे अडायचं ते तिथेच अडेल. मात्र मशीनसमोर बसून करा, एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) केलंत आणि नियम अर्धेच लागले तर बाहेर राहाल.

दुसरा प्रतिसाद
वरचं सगळं मान्य, पण डेबियन ७ चा लांबवलेला आधारसुद्धा (एलटीएस, म्हणजे सुरक्षा-अपडेट) २०१८ मध्ये संपला. फायरवॉलच्या मशीनवर तो ठेवू नका, कळकळीनं सांगते. डेबियन ८ पासून इनिटरॅमएफएसच (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइलसिस्टिम) /यूएसआर माउंट करून देतं, त्यामुळे हे दुखणंच उरत नाही. स्वतःची युनिट (सिस्टिमडीची सेवा-फाइल) लिहाल आणि तिला /ऑप्ट किंवा वेगळं डेटा पार्टिशन लागत असेल, तर 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' मध्ये तो पाथ द्या.

धागाकर्ता
ताई, नवीन मशीनची मागणी आजच टाकली. तोवर 'रीड'नं लिहून घेतलं. 'एन्व्ह -आय'नं चालवल्यावर खाली एक 'एक्स्पर' अडकलं, तेही शेलच्या $((...)) नं बदललं. दोनदा रीबूट केलं, दोन्ही वेळा नियम नेटवर्कच्या आधी लागले.