बॅडमिंटन साहित्य: आम्हा दोघांसाठी आणि जिल्हा स्पर्धा खेळणाऱ्या मुलीसाठी काय घ्यावं?

सकाळची_बॅच
नमस्कार मंडळी. आम्ही नवरा-बायको (वय ४४ आणि ४१) ठाण्यातल्या एका हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा डबल्स खेळतो, मॅव्हिस ३५० च्या नायलॉन शटलवर. मुलगी १४ वर्षांची आहे. दोन वर्षं कोचिंग चालू आहे, आणि यंदापासून ती जिल्हा स्पर्धा खेळणार, म्हणजे पिसांचं शटल. तिघांच्याही रॅकेटी दुकानातून गटिंग (जाळीच्या तारा, म्हणजे गट, ताणून बसवणं) करून आलेल्या, तशाच वापरात आहेत. पायात धावण्याचे बूट. बजेट तिघांचं मिळून वीसेक हजार. दुकानदार मुलीसाठी हेड हेवी (तोंडाकडे वजन जास्त), एक्स्ट्रा स्टिफ (कडक दांड्याची) रॅकेट सुचवतोय, "स्मॅश वाढेल" म्हणून. त्या एका रॅकेटमध्येच निम्म्याहून जास्त पैसे जातील. घ्यावी का?

गटिंगवाला
नका घेऊ. आधी तिघांचे बूट, मग मुलीच्या दोन सारख्या रॅकेटींचं गटिंग, आणि उरलेल्या पैशांत रॅकेटी. स्पर्धेत रॅकेट एकच असेल आणि गट तुटला, तर मॅच दुसऱ्याच्या रॅकेटने खेळावी लागते. म्हणून एक भारी रॅकेट घेण्यापेक्षा मधल्या किमतीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वजनाच्या, एकाच टेन्शनच्या (गटाच्या ताणाच्या) दोन घ्या.

आता शाफ्टचं, म्हणजे मूठ आणि तोंडामधल्या दांड्याचं. स्टिफ शाफ्ट वाकवायला हाताचा वेग लागतो. हात वेगाने फिरला तर शाफ्ट मागे वाकतो आणि शटल लागायच्या क्षणी सरळ होत जोर देतो. वेग कमी पडला तर तो वाकतच नाही, सगळा जोर खांद्याने लावावा लागतो. मागच्या रेषेवरून मारलेला टॉस (उंच, लांब फटका) मग समोरच्या कोर्टच्या मध्यावरच पडतो. चौदा वर्षांच्या, दोन वर्षं शिकलेल्या मुलीला मीडियम फ्लेक्स पुरे. तुम्हा दोघांनाही मीडियम किंवा फ्लेक्सिबल.

वजन: ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. मुलीला ४यू. तुम्हाला डबल्समध्ये नेटजवळ पटापट रॅकेट वर आणायची असते, तेव्हा ४यू किंवा ५यू. ग्रिपला, म्हणजे मुठीच्या जाडीला, जी५ घ्या. योनेक्समध्ये आकडा जितका मोठा तितकी मूठ बारीक. ली-निंगमध्ये मात्र एस१, एस२ अशी वेगळीच खूण असते, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका, हातात धरूनच बघा. मूठ बारीक असेल तर ओव्हरग्रिप (वरून गुंडाळायची पट्टी) लावून जाड करता येते. जाड असेल तर फारसं काही करता येत नाही.

स्मॅशर_नाशिक
स्मॅश मारायचा असेल तर हेड हेवीच लागते, यात वाद नको. बाकी सगळ्या रॅकेटी बचावाच्या.

गटिंगवाला
एप्रिल २०२३ मध्ये जपानमधल्या सोका इथे योनेक्सच्या कारखान्यात सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा गिनेस विक्रम केला. हातात नॅनोफ्लेअर १००० झेड होती, आणि नॅनोफ्लेअर ही हेड लाइट (तोंडाकडे हलकी) मालिका आहे. तोंड जड असलं की एकेक स्मॅश वजनदार बसतो हे खरं, पण वेग मुळात हाताच्या फिरण्यातून येतो. हात लवकर फिरेल अशी रॅकेट असली तरच तो फिरतो. मुलगी सिंगल्स खेळत असेल तर तिला इव्हन बॅलन्स (दोन्हींच्या मधली) द्या. वर्षभराने तिचे शॉट बसले की हेड हेवीकडे जायचं की हेड लाइटकडे, ते तिचे कोच सांगतील.

बॅलन्स घरी मोजता येतो. रॅकेट एका बोटावर आडवी तोला, जिथे स्थिर राहील तिथून मुठीच्या बुडापर्यंत पट्टीने मोजा. ढोबळमानाने २८५ मिलिमीटरच्या खाली हेड लाइट, २८५ ते २९५ इव्हन, त्यावर हेड हेवी. फक्त एक लक्षात घ्या: ओव्हरग्रिपचं वजन साधारण ५ ग्रॅम असतं आणि ते सगळं मुठीकडे बसतं. ८५ ग्रॅमची, २९५ वर तोललेली रॅकेट एका ओव्हरग्रिपने २८४ च्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर मुठीकडे सरकते. दोन ओव्हरग्रिप एकावर एक गुंडाळून "हेड हेवी रॅकेट घेतली पण तसं वाटत नाही" म्हणणाऱ्यांचं कारण बहुधा हेच असतं. मूठ जाड नको असेल तर आतली मूळ ग्रिप काढून थेट लाकडावर ओव्हरग्रिप लावा, वजनही वाढणार नाही.

नेटजवळ
बुटांबद्दल मी लिहिते, कारण सगळे रॅकेटवरच बोलत राहतात.

धावण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, पुढे धावण्यासाठी केलेली. बॅडमिंटनमध्ये पाय आडवा थांबतो. उंच टाचेवर आडवा भार आला की घोटा मुरगळतो. बॅडमिंटनच्या बुटाची टाच बुटकी, तळ रुंद, आणि सोल गम रबराचा, डाग न पाडणारा असतो. अनेक हॉलमध्ये काळ्या सोलचे बूट मॅटवर चालतच नाहीत.

दुकानात तीन गोष्टी बघा. सोलवर नख दाबा, किंचित रुतलं पाहिजे. चवडा आणि टाच धरून बूट पिळा, मधून चिंध्यासारखा पिळला जाता कामा नये, वाकायला हवा तो चवड्याशी. मग ज्या पायाने लंज (पुढे लांब पाऊल टाकून झुकणं) मारता त्याच्या विरुद्ध पायाचा बूट घ्या (उजव्या हाताच्या खेळाडूला डावा) आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला जाड रबराची पट्टी आहे का ते पाहा. लंज मारताना मागचा पाय याच जागी जमिनीवर घासत येतो, आणि पट्टी नसेल तर कापड आधी इथेच फाटतं.

माप संध्याकाळी घ्या, जाड खेळाचे मोजे घालून. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीइतकी जागा हवी. लंज मारताना पाय बुटात पुढे सरकतो, जागा नसेल तर अंगठ्याचं नख काळं पडतं. आणि ताई, हे बूट घरून घालून येऊ नका. रस्त्याची धूळ सोलला बसली की नवा बूटही घसरतो. पिशवीतून आणा, खेळायच्या आधी ओल्या फडक्याने सोल पुसा.

सकाळची_बॅच
नेटजवळ, गटिंगवाला, फार उपयोगी लिहिलंत दोघांनी. (ताई नाही, दादा म्हणा.) गटिंगमध्ये आम्ही नुसतं "चांगलं करून द्या" सांगतो. काय सांगायला हवं?

गटिंगवाला
दादा, चार गोष्टी: कुठला गट, किती पाउंड (ताण), किती गाठी, आणि ग्रोमेट (फ्रेमच्या भोकांतली प्लास्टिकची बोंडकी) तपासायला.

तुम्हा दोघांना योनेक्सचा बीजी ६५ गट. जाडी ०.७० मिलिमीटर, टिकाऊ, चुकीचा फटकाही सोसतो. टेन्शन २१ ते २२ पाउंड. मुलीला बीजी ८० (०.६८) किंवा सुरुवातीला बीजी ६५ च, २३ ते २४ पाउंडवर. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ चा आहे, आवाज छान, उसळी छान, पण लवकर तुटतो. आठवड्याला एक गट परवडत असेल तरच.

टेन्शन वाढवलं की ताकद वाढते हा सगळ्यात महागडा गैरसमज. सैल जाळी शटलला उसळी देते, घट्ट जाळी ताबा देते आणि उसळी स्वतःच्या हातातून मागते. शिवाय घट्ट जाळीत मधली गोड जागा (जिथून फटका सगळ्यात नीट बसतो) आक्रसते. तिथून बोटभर बाजूला शटल लागलं की धक्का थेट कोपराला. मुलीच्या मैत्रिणी २७ वर खेळतात म्हणून २७ नको. २४ वर तिचा टॉस दहापैकी आठ वेळा मागच्या रेषेजवळ पडला तर एक पाउंड वाढवा, त्याहून जास्त एका वेळी नाही. रॅकेटच्या शाफ्टजवळ कमाल पाउंड छापलेले असतात, त्याच्या वर गेलात तर वॉरंटी विसरा.

चार गाठी मागा, म्हणजे उभे आणि आडवे गट वेगळ्या तुकड्यांत. एक पाकीट १० मीटरचं असतं, त्यात हे आरामात होतं. मशीनवर फ्रेमला सहा जागी आधार आहे ना ते बघा, दोनच जागी असेल तर फ्रेम दबते. घेताना जुन्या रॅकेटशी जोडून तोंडाची लांबी-रुंदी बघा. गोल झालं असेल किंवा अंड्यासारखं ताणलं असेल तर काम बिघडलंय.

गट कुठे तुटतो ते बघायची सवय लावा. मध्यावर तुटला तर झिजून तुटला, ठीक. वरच्या कडेजवळ तुटला तर शटल कडेला लागतंय, मुलीला वेळ साधायला सांगा. अगदी फ्रेमच्या भोकाशी तुटला तर ग्रोमेट फुटलंय आणि कार्बनची धार गट कापतेय. अशा वेळी नवा गट घालण्याआधी ते प्लास्टिकचं बोंडकं बदलून घ्या, नाहीतर नवाही तिथेच जाईल.

कोकणकडा
शटलबद्दल. नायलॉनवर टोपीभोवती रंगीत पट्टी असते: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल जलद. गरम हवा विरळ असते, शटल लांब जातं, म्हणून ठाण्याला हिरवी. निळी वापरून "आमचे टॉस बाहेर जातात" म्हणणारे बरेच भेटतात.

पिसांच्या शटलवर ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात, लहान आकडा मंद. आकड्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा नियमातली चाचणी करा. मागच्या रेषेमागे उभं राहून, खालून वर, पूर्ण जोराने, बाजूच्या रेषेला समांतर मारा. समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. मुलीचा जोर अजून पूर्ण नसेल तर ही चाचणी तिच्या कोचला करू द्या. ठाण्यात जे ७७ बसतं ते पुण्यात, साडेपाचशे मीटर उंचीवर, लांब जाईल. तिथे स्पर्धा असेल तर सरावाला एक आकडा खालचा घ्या.

एका शटलला १६ पिसं. नवं शटल हातात घेऊन बोटांवर फिरवा, कडेची टोकं एका पातळीत दिसली पाहिजेत. एक पीसही आत-बाहेर असेल तर ते उडताना डगमगणार. सरावाला बदकाच्या पिसांचं चालेल, स्पर्धेआधीचा आठवडा मात्र स्पर्धेत जे मिळणार त्याच दर्जाचं वापरा. फरक टिकाऊपणात असतो, तसाच उडण्यातही जाणवतो.

वर्ध्याचा_वारा
आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पिसं कोरडी होऊन दोन रॅलीत मोडतात. वाफ देतात म्हणे, कशी?

कोकणकडा
नळीची दोन्ही झाकणं काढा. किटलीतून वाफ जोरात यायला लागली की पिसांची बाजू वाफेकडे धरा, पाच-सहा सेकंद, बस. बुचाला वाफ लागू देऊ नका. झाकणं लावून रात्रभर ठेवा, सकाळी खेळा. जास्त वाफ दिली तर दोऱ्यावरचा गोंद सैल पडतो आणि शटल पहिल्या स्मॅशलाच उघडतं. हे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. कोकणात आणि ठाण्यात पावसाळ्यात वाफ देऊच नका, हवेतूनच भरपूर ओल मिळते.

नेटजवळ
पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून: घामट हाताला टॉवेल ग्रिप बरी, पण ती रोज वाळवावी लागते, नाहीतर दोन आठवड्यांत कुबट वास येतो. नाही जमलं तर साधी ओव्हरग्रिप, आणि गुळगुळीत लागायला लागली की लगेच बदला. हात घसरू नये म्हणून मूठ आवळली की मनगट अडकतं.

सकाळची_बॅच
शेवटचा प्रश्न. आत्ताच मुलीच्या रॅकेटचा एक गट तुटला. रविवारी दुकानात नेईन, तोवर तशीच ठेवू?

गटिंगवाला
नाही, आत्ता उठून सगळे गट कापा. एक गट तुटला की त्या बाजूचा ताण गेला, बाकीचे २०-२२ पाउंडवर फ्रेम एकीकडे ओढत राहतात. रविवारपर्यंत फ्रेम वाकू शकते, क्वचित तडकतेही. कात्री घ्या, जाळीच्या मध्यावरून सुरुवात करा, एक उभा एक आडवा असं तिरकं कापत बाहेर या, म्हणजे चारही बाजूंचा ताण बरोबरीने सुटेल. एका कडेपासून ओळीने कापू नका.

कापून झालं की फ्रेमवरून नख फिरवा. घड्याळात ११ आणि १ वाजतात त्या जागी नीट बघा, जोडीदाराच्या रॅकेटला धडक तिथेच बसते. रंग उडालेला असेल तर हरकत नाही. नख अडकलं, किंवा दोन्ही हातांनी हलकेच दाबल्यावर कुरकुर ऐकू आली, तर आत तडा आहे. ती रॅकेट पुन्हा २४ वर लावायला देऊ नका, मशीनवरच मोडेल. १८ वर लावून भिंतीवर सरावाला ठेवा.

आणि रविवारी नेईपर्यंत ती गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, उन्हात आत फार तापतं.